खोक्यावरचे वॉट आणि कानावरचे शब्द

४३ इंची टीव्हीच्या खोक्यावर चित्राबद्दल वाचायला भरपूर मजकूर असतो. फोर-के, एचडीआर, रंगांची संख्या, कडा किती बारीक, सगळं ठळक अक्षरांत. आवाजाबद्दल कुठेतरी कोपऱ्यात एकच ओळ सापडते: २० वॉट. म्हणजे दहा-दहा वॉटचे दोन स्पीकर, आणि तेही बहुतेक वेळा टीव्हीच्या पोटाखाली, तोंड टेबलाकडे किंवा मागच्या भिंतीकडे करून बसवलेले. टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो, पहिले दोन दिवस सगळे चित्रावर खूश असतात. तिसऱ्या दिवशी आजी विचारतात, "काय म्हणाला गं तो?" आठवडाभरात हाच प्रश्न आजोबा विचारतात, महिन्याभरात कॉलेजात जाणारी नातही.

आजी-आजोबांच्या बाबतीत वयाचा वाटा असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीच्या पुढच्या चारातल्या एकाहून अधिक माणसांना ऐकण्याचा त्रास होण्याइतका श्रवणदोष असतो. वाढत्या वयात आधी कमी ऐकू यायला लागतात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, च, त, फ ही व्यंजनं एकमेकांपासून वेगळी ओळखायला जे ध्वनी लागतात, त्यांचा मोठा भाग साधारण दोन हजार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. स्वर त्याच्या खालचे. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही, आणि रिमोटवरचं अधिकचं बटण दाबून दाबून पुसट होतं. पण नातीचे कान तर ठणठणीत आहेत. तिचा त्रास टीव्हीतूनच येतो.

जुना खोकेवाला टीव्ही आठवत असेल तर फरक लगेच समजेल. त्याची खोली हात-दीड हात असायची, आत हवेला जागा होती आणि स्पीकर पडद्याच्या बाजूला, थेट माणसांकडे तोंड करून असत. ओनिडाच्या 'केवाय थंडर'सारखे टीव्ही तर आवाजाच्याच जोरावर विकले जात. स्पीकरचं काम हवा ढकलायचं; त्याचा पडदा जितका मोठा आणि त्यामागची पेटी जितकी ऐसपैस, तितकं हे काम सोपं. चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या टीव्हीत ना मोठा पडदा मावतो ना पेटी. त्यातून निघालेला बारीकसा आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग सोफ्यापर्यंत येतो. वाटेत जे सांडतं ती व्यंजनं.

दुसरं कारण टीव्हीच्या बाहेरचं आहे. चित्रपट आणि वेबमालिका हल्ली ५.१ किंवा त्याहून जास्त वाहिन्यांत मिसळल्या जातात. त्यात संवादांसाठी मधली वाहिनी राखून ठेवलेली असते. संगीत, पाऊस, गाड्या, मारामारी बाकीच्या वाहिन्यांवर. टीव्हीकडे मधला स्पीकरच नसतो, म्हणून तो हे सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबतो आणि संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात. शिवाय हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतरही मोठं ठेवलेलं असतं. नेटफ्लिक्सच्या नियमानुसार संवादांची सरासरी पातळी कमाल पातळीच्या सुमारे २७ डेसिबल खाली असावी लागते, म्हणजे वर स्फोटांना आणि ढोलांना जागा उरते. चित्रपटगृहाच्या सवयीच्या कानांना हे छान. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये, पंखा चालू, स्वयंपाकघरात कुकर, खाली रिक्षांचे हॉर्न, अशा ठिकाणी संवादासाठी आवाज वाढवायचा आणि गाणं लागताच धावत जाऊन कमी करायचा, हा व्यायाम होऊन बसतो.

साउंडबार या आजारावरचं औषध म्हणून विकला जातो. यामाहाने २००४च्या सुमारास आणलेल्या 'वायएसपी-१'मध्ये एका लांबट पेटीत चाळीसेक छोटे स्पीकर बसवले होते आणि भिंतींवर आवाज परतवून चहूबाजूंनी ऐकू येण्याचा आभास निर्माण केला होता. तो श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा माल होता. आज बोट, झेब्रॉनिक्स, मिवी, पोर्ट्रॉनिक्स अशा नावांमुळे साउंडबार काही हजारांत मिळतो. जेबीएल, सोनी यांचे सुरुवातीचे मॉडेल त्याच्या वरच्या पायरीवर. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एखाद्या दुकानात शिरलं, की दहा हजारांच्या आत निवडीला तोटा नाही. तोटा असतो तो निवडायचं कसं या माहितीचा.

दुकानात पहिला आकडा कानावर येतो तो वॉटचा. "हा ऐंशीचा, हा एकशेवीसचा, आणि साहेब हा दोनशेचा, घर हलेल." घर हलवायला कुणी आलेलं नसतं, पण आकडा मनात बसतो. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून हजार-दोन हजार वॉट छापलेले असत. तो क्षणभराच्या उसळीचा, कुठल्याही ठरलेल्या मापात न बसणारा आकडा होता. आता त्याच्या जागी 'आरएमएस' आलं आहे. ते बरंच प्रामाणिक माप, पण त्यातही मेख असते. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत अनेकदा '१० टक्के टीएचडी' असं लिहिलेलं असतं. अर्थ असा, की हे वॉट मोजले तेव्हा आवाजात दहा टक्के विकृती होती. इतक्या फाटलेल्या आवाजात कुणी बातम्याही ऐकणार नाही. एक टक्का विकृतीवर मोजलं तर तोच आकडा बराच खाली येतो.

वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होतो असंही नाही. वॉट दुप्पट केले की वाढ होते तीन डेसिबलची, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल इतकी. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. तेव्हा ऐंशी आणि एकशेवीसमधला फरक सोफ्यावर बसून ओळखणं मुश्कील. स्पीकरचा दर्जा, पेटीची बांधणी आणि आतल्या सर्किटने कुठल्या पट्टीला किती वाव दिला आहे, यांवर सगळा खेळ. पण ते खोक्यावर छापता येत नाही.

उदाहरणादाखल सोनीचा 'एचटी-एस१००एफ' पाहू. स्वस्त साउंडबार कसा असावा आणि त्याच्याकडून काय मागू नये, या दोन्हींची कल्पना त्यावरून येते. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, साडेसहा सेंटिमीटरच्या आतबाहेर उंच, वजन अडीच किलोच्या घरात. कंपनीच्या आकड्यानुसार १२० वॉट. वाहिन्या दोनच, खालच्या सुरांसाठीचा सबवूफर वेगळा नाही. पेटीतच हवेला वाट ठेवून खालचे सूर थोडे उचलले आहेत. जोडणीसाठी एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल, यूएसबी आणि ब्लूटूथ. ९० सेंटिमीटर लांबी ४३ इंची टीव्हीखाली बेताची बसते, कारण तो टीव्ही साधारण ९६ सेंटिमीटर रुंद असतो. ३२ इंची टीव्हीची रुंदी ७२-७३ सेंटिमीटरच, तिथे हा बार दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावेल.

त्याच्या रिमोटवरची दोन बटणं मात्र ग्राहकाने आवर्जून दाबून पाहावीत: 'व्हॉइस' आणि 'नाइट'. पहिलं बटण संवादांच्या पट्ट्याला पुढे आणतं. दुसरं मोठे आवाज थोडे दाबतं आणि बारीक आवाज थोडे उचलतं, म्हणजे रात्री साडेदहाला मुलं झोपल्यावर रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. ज्याला फक्त बातम्या, मालिका, क्रिकेट आणि अधूनमधून चित्रपट पाहायचा आहे, त्याच्यासाठी हे दोन गुण दोनशे वॉटच्या धडधडीपेक्षा मोलाचे. उलट बाजूही तितकीच खरी: ढोलताशांचा दणका पोटात जाणवावा अशी अपेक्षा असेल तर दोन वाहिन्यांच्या एकसंध बारने ती भागणार नाही. एवढ्याशा पेटीतून पन्नास हर्ट्झखालचा आवाज काढणं भौतिकशास्त्राला मंजूर नाही.

इथे २.०, २.१, ३.१, ५.१ या आकड्यांचा अर्थ सांगायला हवा. टिंबाच्या आधीचा आकडा वाहिन्यांचा, नंतरचा सबवूफरचा. २.१ म्हणजे बार अधिक एक वेगळा सबवूफर. संवादांसाठी खरा उपयोगी ३.१, कारण त्यात मधली वाहिनी स्वतंत्र असते; पण दहा हजारांच्या आत खरा ३.१ क्वचितच सापडतो. त्याच भावात '५.१' लिहिलेलं दिसलं तर मागचे दोन स्पीकर खरोखर आहेत का, आणि ते वायरने जोडायचे आहेत का, हे आधी विचारावं. सोनीचाच 'एचटी-एस२०आर' हा आपल्याकडे खूप खपलेला ५.१ संच. त्यात मागचे स्पीकर वायरने सबवूफरला जोडावे लागतात. भाड्याच्या घरात, फरशीवरून, सोफ्याखालून ती वायर नेणं म्हणजे झाडू मारणाऱ्या बाईंशी कायमचं भांडण.

खोक्यावर 'डॉल्बी' दिसलं की मराठी माणूस हरखतो. ते स्वाभाविक आहे, आणि त्यात एक भारतीय धागाही आहे. रे डॉल्बी हे साठच्या दशकाच्या पूर्वार्धात युनेस्कोचे सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत काम करत होते. तिथून परतल्यावर १९६५मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्राने नाव कमावलं. असो. आजच्या खोक्यावर 'डॉल्बी ऑडिओ' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बार डॉल्बीचा संकेत उलगडू शकतो, एवढाच. 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' हे आवाज डोक्यावरूनही यावा म्हणून २०१२मध्ये आलेलं तंत्र. त्यासाठी छताकडे तोंड केलेले स्पीकर असावेत. सात-आठ हजारांच्या बारवर अ‍ॅटमॉसचं चिन्ह असलं तर तिथे बहुधा गणिताने केलेला आभास आहे. आभास वाईट नसतो, पण त्यासाठी जास्तीचे दोन हजार मोजू नयेत.

खरी परीक्षा टीव्हीच्या पाठीमागे होते. भिंतीला चिकटलेला टीव्ही थोडा तिरका करून, मोबाइलचा टॉर्च लावून एचडीएमआयची भोकं पाहिली, की तीनपैकी एकाच्याच शेजारी बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं दिसतं. साउंडबारची वायर त्याच भोकात हवी. शेजारच्या भोकात घातली तर आवाज येणार नाही, आणि 'पीस डिफेक्टिव्ह आहे' म्हणून तक्रार करायला लोक दुकानात पोचतात. २००९च्या एचडीएमआय १.४पासून आलेल्या या सोयीमुळे टीव्ही त्याच वायरने आवाज बारकडे परत पाठवतो. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला, टीव्ही बारला, एवढी साधी साखळी. त्याच वायरीतून सीईसी नावाची दुसरी सोय येते: टीव्हीच्याच रिमोटने बार चालू-बंद होतो, आवाज कमी-जास्त होतो. सॅमसंगमध्ये तिला 'एनीनेट प्लस' म्हणतात, एलजीमध्ये 'सिम्पलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर एक रिमोट की दोन, हा प्रश्न आवाजाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

टीव्ही जुना असेल आणि एआरसी नसेल, तर ऑप्टिकल वायर. आवाज तितकाच स्वच्छ, पण टीव्हीच्या रिमोटने तो बहुतेकदा कमी-जास्त होत नाही. दोन्ही नसलं तर ब्लूटूथ उरतं, आणि तिथे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आवाज चित्राच्या सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की ते माणसाच्या लक्षात येऊ लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने केलेल्या अभ्यासातून दिसतं. साध्या ब्लूटूथवर दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. काही टीव्ही चित्र तितकंच रोखून हे जुळवून घेतात, सगळे नाही. गाणी ऐकायला ब्लूटूथ उत्तम; टीव्हीसाठी वायरच बरी.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. केबलचा आवाज येतो, यूट्यूबचा येतो, आणि एखाद्या ओटीटीवर चित्रपट लावला की बार गप्प. अशा वेळी टीव्ही डॉल्बीचा संकेत पाठवत असतो आणि स्वस्त बारला तो उलगडत नाही. टीव्हीच्या 'साउंड' सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट'समोर 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' असेल ते बदलून 'पीसीएम' करायचं, की आवाज येतो. दुरुस्तीवाल्याला बोलवायची गरज नाही.

दुकानात ऐकताना मात्र ग्राहक हमखास फसतो. विक्रेता पेनड्राइव्हवरचं ठेक्याचं गाणं मोठ्या आवाजात लावतो. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो, शिवाय दुकानाची मोठी जागा वेगळी आणि घरचा हॉल वेगळा. म्हणून आपलाच पेनड्राइव्ह न्यावा, किंवा ओळखीचं काही मोबाइलवरून लावायला सांगावं. 'सैराट'ची गाणी यासाठी चांगली, कारण अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला होता. व्हायोलिनचे थर वेगवेगळे ऐकू येतात की त्यांचा लगदा होतो, हे लगेच समजतं. 'तुंबाड'मध्ये पाऊस जवळपास थांबतच नाही, त्या पावसातले संवाद कळतात का पाहावं. 'नटसम्राट'मधली नाना पाटेकरांची स्वगतं कुजबुजीपासून आरोळीपर्यंत जातात, तीही लावावीत. शेवटी बातम्या लावाव्यात आणि आवाज इतका कमी करावा की शेजारी उभ्या माणसाशी नेहमीच्या सुरात बोलता येईल. तेवढ्या आवाजातही निवेदिकेचे शब्द सुटे ऐकू आले, तर बार कामाचा. मोठ्या आवाजात सगळेच बार बरे वाजतात. कस लागतो तो हळू आवाजात.

घरी आणल्यावर जागाही मोजावी लागते. टीव्ही टेबलावर पायांवर उभा असेल तर पडद्याची खालची कड आणि टेबल यांमध्ये पुष्कळदा सहा-सात सेंटिमीटरच उरतात. बार त्याहून उंच असला की टीव्हीचा रिमोट पकडणारी खिडकी झाकली जाते आणि रिमोट चालेनासा होतो. व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. एक जाड पडदा आणि पायाखाली सतरंजी यांनी जो फरक पडतो तो सेटिंगच्या पाच बटणांनी पडत नाही. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर दणका वाढतो, पण तो भिंतीतून पलीकडेही जातो. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर. तिला वीटकामाची फारशी फिकीर नसते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव यायचं नसेल तर तो भिंतीपासून हातभर पुढे, रबराच्या चकत्यांवर ठेवलेला बरा.

भावाबद्दल एकच सांगणं. या वर्गात छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत तिप्पट-चौपट अंतर सर्रास दिसतं. 'सत्तर टक्के सूट' हा बाजारातला नित्यक्रम आहे, सणाची कृपा नव्हे. छापील किंमत विसरून त्याच पैशांत दुसरं काय मिळतं हे पाहावं. हमी किती वर्षांची, सेवाकेंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे की फक्त मुंबई-पुण्यात, हे बिल फाडायच्या आधी विचारावं. वीज देणाऱ्या अडॅप्टरवर बीआयएस या मानक संस्थेची खूण पाहावी. हमी असून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

निवाडा द्यायचाच तर असा: ३२ ते ४३ इंची टीव्ही, मध्यम हॉल आणि घरात पन्नाशीपुढची माणसं असतील, तर सहा ते नऊ हजारांतला, एआरसी आणि संवादाचं वेगळं बटण असलेला दोन वाहिन्यांचा बार पुरेसा आहे. तीन-चार हजारांचे बार नुसते मोठे वाजतात, शब्द फारसे सुधारत नाहीत. ते पैसे वाचवलेले बरे. चित्रपटगृहाचा थाट हवा असेल तर या वर्गात घाई न करता पंधरा हजारांच्या पुढचा संच घ्यावा. आणि खरेदीला निघण्याआधी टीव्हीच्याच 'साउंड' सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' असा पर्याय आहे का, ते जरूर पाहा. तो चालू करून चार दिवसांत आजींचा प्रश्न थांबला, तर बारची गरजच नाही.